कसर

मंगळवारी मी टॉडमॉर्डनच्या लायब्ररीत वरच्या मजल्यावर बसते,
हात साबणाने धुऊन, नीट कोरडे करून.
शाई चालत नाही इथे. फक्त शिसपेन्सिल.
रेडिएटर खोकतो, बाहेर टेकडी अर्धीच दिसते.

आज खोका एकशेचौदा:
नेली क्रॅबट्री, विणकरीण, चार मागांवर एकटी.
बियाणांच्या दुकानाने फुकट वाटलेली
सन अडतीसची डायरी.
दिवसाला जागा दोन बोटं.
नेलीने ती कधी ओलांडली नाही.

"कपडे धुतले. वाळलं काहीच नाही."
"अंडी महाग. जे.ला खोकला."
"पडदे उतरवले."
"पडदे लावले."

सोबत एक चिकटवही.
ट्रामचं तिकीट, साबणाच्या वेष्टनावरची हसरी बाई,
बहिणीच्या लग्नातल्या केकभोवतीची चंदेरी पट्टी,
आल्याच्या वड्यांची कृती, तिच्यामागे
कुणाच्या तरी खटल्याची अर्धी बातमी.
आरोपी उभा आहे अजून,
निकाल खळीखाली गेलाय.
खळ कणकेची. ती तेवढी कसरीने खाल्ली,
अक्षरं जवळजवळ सगळी ठेवली.

आणि डायरीत, महिन्यातून एकदा, कोपऱ्यात, फुली.
इतकी बारीक, की आधी मला
कागदाचाच दोष वाटला.
मग बोटांच्या पेरांवर मोजलं.
अठ्ठावीस. एकोणतीस. सत्तावीस.

हे गणित मला कुणी शिकवायला नको.
सांगलीत आमच्या ओट्याशेजारी कॅलेंडर होतं:
सिलिंडर लावला त्या तारखेला गोल,
दूध आलं नाही तिथे 'खा',
शिवाय आईची एक फुली.
मी विचारलं होतं, ही कसली?
"दुधाचा खाडा," म्हणाली,
आणि फोडणीत हिंग जरा जास्तच पडला.

मे महिन्यात नेलीची फुली नाही.
जूनमध्ये नाही.
जुलैत गिरणीला सुट्टी, सगळं गाव ब्लॅकपूलला:
"समुद्र चांगला. मासे नको वाटले."
त्याच आठवड्यात, खर्चाच्या पानावर,
पांढरी लोकर, तीन गुंड्या.
ऑगस्ट नऊ: "पडून. पाऊस. मिसेस शॉने सूप आणलं."
दहा: "पाऊस."
अकरा: काही नाही.
बारा: "मागांवर परत. तिसऱ्याचा धोटा अडकतोय."

मी लायब्ररीच्या खिडकीतून उगाच पाहिलं,
पार्किंगमध्ये एक माणूस ट्रॉलीला शिव्या घालत होता.

सप्टेंबरच्या शेवटी
युद्ध होणार असं सगळं जग बोलत होतं.
नेलीचं पान:
"रविवारच्या शाळेत गॅसचे मुखवटे वाटले. माझा घट्ट.
कांदे लोणच्यात घातले."
आणि कोपऱ्यात फुली.
या वेळी इतकी दाबून काढलेली
की पुढच्या तीन दिवसांवर तिचा वळ आहे.
बोट फिरवलं तर लागतो.

पांढऱ्या लोकरीचं पुढे काय झालं
ते कुठेच नाही.
चिकटवही मी दोनदा चाळली.

आता तक्ता भरायचा.
विषय: हवामान, घरखर्च, कापडगिरणी.
भाषा: इंग्रजी. हे लिहिताना
पेन्सिल जरा थांबली.
महत्त्व: या रकान्यालाही
दोन बोटंच जागा आहे.

चहाच्या वेळी जॉयस डोकावल्या,
चष्मा कपाळावर, हातात बिस्किटांचा डबा.
"काही विशेष सापडलं का?"

नेलीने पंच्याऐंशी वर्षं
ते दोन बोटांत झाकून ठेवलं होतं.
मी वही मिटली.

"कसर आहे," म्हटलं,
"खोका फ्रीझरमध्ये ठेवायला हवा."
त्यांनी मान डोलावली, चिठ्ठी लावली,
आणि मी दोन बिस्किटं घेतली.